आकड्याच्या खणातले तीन विसावे

मी एकदा भाटघर धरणाच्या काठावरच्या एका गावाला पाच मैलांवरून पाणी भरायला लावलं होतं. आणि त्याच दिवशी, त्याच यंत्रावर, तोरण्याच्या पायथ्याच्या एका वाडीला, जिथं उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी बायांच्या पायांचे तुकडे पडत, तिथं पाणी अगदी जवळ आणून ठेवलं होतं. दोन्ही चमत्कार कागदावरचे. पण कागदावरचं पाणी कमी लेखू नका. विहीर कुठं खणायची ते त्याच्यावरूनच ठरायचं होतं.

सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी तेवीस वर्षांची, भोरच्या शाळेतून निघून पुण्याला गणित घेऊन बी.एस्सी. झालेली आणि स्वतःला फार म्हणजे फारच हुशार समजणारी. आता त्या मुलीचा फोटो बघितला की वाटतं, हिच्या दोन वेण्यांना धरून कुणी तरी वेळेवर गदगदा हलवायला हवं होतं. पुण्यातल्या एका संस्थेत मी कॉम्प्युटरसाठी प्रोग्रॅम लिहायची. कॉम्प्युटर आमचा नव्हता. दुसऱ्यांचा होता आणि आठवड्यातून दोन तास आम्हाला मिळायचा. भोंकं पाडलेल्या कार्डांचा खोका पोटाशी धरून मी तिथं जायची तेव्हा देवाच्या पालखीबरोबर निघाल्यासारखा चेहरा करायची.

भोरात आईला कुणी विचारलं तर ती सांगायची, "पुण्याला टायपिंग करती."

"टायपिंग नाही गं, प्रोग्रॅमिंग!"

"तेच ते. बोटंच दुखायची ना?"

तर काम असं आलं होतं. भोर आणि वेल्हे या दोन्ही तालुक्यांतल्या वाड्यावस्त्यांची पाहणी करायची आणि जिथं पाण्याचे सगळ्यात जास्त हाल आहेत त्या बारा ठिकाणी पहिल्यांदा विहिरी द्यायच्या. यादी आम्ही करून द्यायची. या भागाचं असं आहे की पावसाळ्यात इथं चार महिने पाण्यानं जीव नकोसा होतो, छत्रीला बुरशी येते, आणि चैत्र लागला की त्याच डोंगरात पोरांची तोंडं धुवायला पाणी नाही. पुण्याच्या लोकांना हे पटत नसे. ते पावसाळ्यातच यायचे ना!

अर्ज भरायला आम्ही चौघं होतो. वेल्ह्याची बाजू माझ्याकडे आली, कारण 'तुम्हाला तिकडची भाषा येते'. अर्जात एक प्रश्न होता: उन्हाळ्यात पिण्याचं पाणी किती लांब? पुढं एक चौकोन. चौकोन मीच आखलेला होता. सुबक, दोन अंकी.

आता माणसं बघा. प्रश्न एकच, पण उत्तर जो तो आपल्या रीतीनं देणार. कुणी म्हणालं दोन फर्लांग. कुणी म्हणालं अर्धा तास. डोंगराच्या अंगच्या एका वाडीत एक म्हातारी दारात नाचणी पाखडत होती, ती म्हणाली, "तीन इसावं." म्हणजे हंडा डोक्यावर घेऊन चढताना तीनदा टेकावं लागतं. वाटेवर कमरेइतक्या उंचीचे दगड मांडलेले असतात, न वाकता हंडा उतरवता येतो. आणि आणखी एका वस्तीवर एका बाईनं नुसतं "न्हाई" म्हटलं आणि आत निघून गेली.

आम्ही जसं ऐकलं तसं अर्जावर लिहून आणलं. इथवर सगळं ठीक होतं. घोळ पुढं मी घातला.

त्या यंत्राचा स्वभाव सांगते. त्याच्या पोटात ओळीनं खण असत. कुठल्या खणात कुठल्या जातीची वस्तू राहणार ते आधीच सांगून टाकावं लागे: यात पूर्णांक, यात अपूर्णांक, यात अक्षरं. एकदा सांगितलं की संपलं. मग पूर्णांकाच्या खणात दुसरं काही घालायला गेलात तर ते तरी रुसे, नाही तर निमूटपणे भलतंच काही करून ठेवी. खणाच्या नावावरूनसुद्धा ते जात ठरवायचं. काही ठरावीक अक्षरांनी नाव सुरू झालं तर पूर्णांक, नाही तर अपूर्णांक. मी खणाचं नाव ठेवलं PANI. त्या नियमानं माझं पाणी अपूर्णांकात गेलं, याचंही मला तेव्हा मोठं कौतुक वाटलं होतं.

पण लोकांच्या उत्तरांना कुठं जात होती? ती आधी ठरवून थोडीच येणार! समोर कोण बसलंय आणि तो कसं मोजतो, यावर ती ठरणार. खण एकाच जातीचा आणि उत्तरं चार जातींची, असा पेच होता. मोठमोठे लोक या पेचावर डोकं खाजवत होते हे मला माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी मी थांबले नसते. मी काय केलं? प्रत्येक उत्तरातला आकडा उचलला आणि बाकीचं झटकून टाकलं. दोन फर्लांग, लिहा दोन. चाळीस मिनिटं, लिहा चाळीस. तीन विसावे, लिहा तीन. 'न्हाई'? शून्य! एका दुपारात सगळे अर्ज संपवले आणि वर चहा मागवला.

यंत्रानं सगळ्याला फर्लांग समजून हिशेब केला. त्याचं काय चुकलं? मी तेच सांगितलं होतं.

छापील यादी आमच्या सरांच्या टेबलावर गेली. सर म्हणजे पन्नाशीचे, सदाशिव पेठेतले, मोजकं बोलणारे. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, मग मला बोलावलं.

"पहिल्या नंबरावर हे गाव आहे. पाणी चाळीस फर्लांग. म्हणजे पाच मैल."

"हो सर," मी दुःखी चेहऱ्यानं म्हटलं. "फार हाल आहेत हो लोकांचे."

"अहो, हे गाव भाटघरच्या काठावर आहे. मी सहकुटुंब गेलो होतो. आमच्या चिरंजीवांची चप्पल देवळाच्या पायरीवरून पाण्यात पडली."

मी काय बोलावं? 'माफ करा, बघते' म्हणावं ना! मी म्हटलं, "सर, यंत्र चुकत नाही."

सर शांतपणे म्हणाले, "यंत्र पोहायला गेलं नव्हतं. मी गेलो होतो. मूळ अर्ज आणा."

अर्जावर आमच्या सहकाऱ्यानं नीट लिहिलेलं होतं: 'चाळीस मिनिटं', आणि पुढं बारीक अक्षरात, 'म्हैस धुणे धरून'.

मग सगळे अर्ज पुन्हा उपसले. 'न्हाई' म्हणणाऱ्या बाईची वस्ती यादीत शेवटची होती. शून्य फर्लांग, म्हणजे जणू चुलीपाशीच झरा. आणि तीन विसावेवाल्या म्हातारीची वाडी खालून सहावी, तीन फर्लांग. तो अर्ज मी वेगळा काढून ठेवला. कारण अर्ज भरून उठताना मी त्या म्हातारीला ऐटीत सांगून आले होते, "आजी, काळजी करू नका. आता यंत्र सांगेल, आणि विहीर येईल." यादी सहा दिवसांनी विहिरी मंजूर करणाऱ्या सरकारी साहेबांकडे जायची होती. एकदा ती गेली की पुढची पाहणी कधी, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

सर म्हणाले, "मिनिटांचे फर्लांग करता येतील. विसाव्याचं काय? एक विसावा म्हणजे किती फर्लांग, सांगा. गुणा आणि मोकळ्या व्हा."

भोरची असून मला ते सांगता येईना. आमच्या घरी पाणी आणायला बाई होती. म्हटलं, "मोजून येते."

आता मोजायचं कसं? कचेरीच्या व्हरांड्यात मी टेप लावून माझं पाऊल मोजलं. दहा वेळा इकडून तिकडे चालले आणि सरासरी काढली. शिपाई बघत होता. त्यानं हळूच विचारलं, "बाई, काही हरवलंय का?" हरवलं होतं, पण ते व्हरांड्यात सापडणारं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं वेल्हे. तिथून पुढं दीड तास पायी. म्हातारी अंगणात शेण कालवत बसली होती. मला बघून डोळे बारीक करून म्हणाली, "तूच ना ती? चौकोनात लिवनारी?"

"हो आजी. तुमचे विसावे मोजायला आलेय."

"मोजायला? तीन हाईत म्हनलं हुतं की! का एखादा चोरीला ग्येला?"

मी माझी अडचण समजावून सांगितली. यंत्र, खण, फर्लांग. ती हात थांबवून ऐकत होती. सगळं झाल्यावर म्हणाली, "चल मंग पान्याला." आणि माझ्या हातात एक कळशी दिली. स्वतः हंड्यावर घागर अशी जोडी घेतली. वय विचारलं तर म्हणाली, "दात मोज नि काय ती बेरीज कर."

उतरताना मी वहीत पावलं टिपत होते. खाली ओढ्यातल्या डबक्याशी दगडाआड बसून वाटीवाटीनं पाणी भरायचं. तिथंच अर्धा तास गेला, तो तर माझ्या अर्जात कुठंच नव्हता. मग चढण. कळशी डोक्यावर, एक हात कळशीला, दुसऱ्या हातात वही, आणि तोंडानं पावलांची मोजणी. आठशे बारा पावलांवर पहिला दगड आला. दुसरा तिथून तीनशे चाळिसावर. तिसरा अवघ्या शंभरावर, पण त्या शंभरात माझी निम्मी कळशी माझ्याच पाठीवरून खाली गेली आणि वहीतली शाई पसरली. व्हरांड्यात मोजलेलं माझं ते सुरेख पाऊल चढणीवर निम्मंसुद्धा राहिलं नव्हतं.

मी धापा टाकत म्हटलं, "आजी, तीन विसावे तीन मापांचे आहेत!"

"मंग? वाट काय सारकी हाय?"

"पण तीनच कसे म्हणायचे? एखादीला चार लागतील."

"लागत्यात की! माजी सून पोटुशी हाय, ती पाच घेती. शेजारची थोरली धा घेती, तिला दमा हाय."

"मग अर्जावर तीन कुणाचे?"

"माजे! तू मला इचारलंस, म्या माजं सांगितलं."

यावर गणिताच्या पदवीधरानं वही मिटावी ना! मी तरीही मनातल्या मनात सरासरी काढायला लागले होते, खोटं कशाला सांगू. आठशे बारा अधिक तीनशे चाळीस अधिक शंभर, भागिले तीन. ती मुलगी अशी होती. दमून जीव चाललाय, पाठ भिजलीय, समोर माणूस सांगतोय की हे माप दुसऱ्या मापात बसत नाही, आणि हिचा भागाकार चालूच.

घरी आल्यावर म्हातारी परत शेणाकडे वळली. बियाणाच्या टोपल्या लिंपायच्या होत्या. बी आत भरायचं, वरून तोंड शेणमातीनं बंद करायचं, पेरणीपर्यंत उघडायचं नाही. ओळीनं सात-आठ टोपल्या, सगळ्या सारख्याच, सगळ्यांची तोंडं बुजलेली. पण प्रत्येकीच्या ओल्या लिंपणात तिनं बाहेरून एकेक काडी खोचली होती. एकीवर भाताची लोंबी, एकीवर नाचणीचं कणीस, एकीवर वरीची काडी.

"हे कशाला?"

"आत काय हाय ते भाईर नगं कळाय? टोपलं काय बोलतंय व्हय! पैल्या साली सुनंनं तसंच लिंपलं. वरीच्या वावरात नाचनी प्येरली आमी. उगवल्यावर कळलं."

मी त्या कणसाकडे बघत बसले. टोपली एकाच घडणीची, तिला काहीही चालतं. फक्त आत काय आहे त्याची खूण बाहेर हवी, आणि उघडणाऱ्यानं आधी खूण बघायला हवी. मी तर उत्तरांच्या काड्या उपटून फेकल्या होत्या आणि नुसते दाणे एकाच पोत्यात ओतले होते.

म्हातारीनं विचारलं, "काय गं, भूक लागली का?"

लागली होतीच. भाकरी खाऊन मी दुपारची एसटी गाठली.

पुढचे चार दिवस मी ते काम नव्यानं केलं. कार्डावर उत्तराच्या आधी एक रकाना वाढवला, खुणेचा. एक म्हणजे फर्लांग, दोन म्हणजे मिनिटं, तीन म्हणजे विसावे, चार म्हणजे शब्द. यंत्राच्या पोटात प्रत्येक जातीला वेगळा खण द्यावा म्हटलं तर जागा पुरत नव्हती आणि चारातले तीन खण कायम रिकामे राहणार होते. पण त्या भाषेत एक चोरवाट होती. एकाच खणाला दोन-तीन नावं देता येत. एका नावानं हाक मारली की यंत्र आतलं पूर्णांक म्हणून वाचणार, दुसऱ्या नावानं अपूर्णांक म्हणून, तिसऱ्या नावानं अक्षरं म्हणून. आमच्या यंत्रावर एका खणात चार अक्षरं मावत. NAHI बरोब्बर मावलं. त्या बाईचं 'न्हाई' जसंच्या तसं आत जाऊन बसलं, तेव्हा मला तिची माफी मागितल्यासारखं वाटलं.

फक्त आत काय ठेवलंय ते यंत्र लक्षात ठेवत नाही. ते आपण ठेवायचं. म्हणून प्रोग्रॅमनं आधी खूण वाचायची आणि मग त्या खुणेप्रमाणे योग्य नावानं खण उघडायचा. आज माझी नात याच गोष्टीला भारदस्त नाव देते आणि मला समजावून सांगते. मी 'अगंबाई, असं का!' म्हणून ऐकून घेते.

पहिल्या फेरीत मी एका ठिकाणी खूण बघायला विसरलेच. विसाव्यांचा खण अपूर्णांकाच्या नावानं उघडला, आणि तिनाच्या जागी शून्य, टिंब आणि पुढं शून्यांची रांग छापून आली. सरांनी कागद उजेडाकडे धरला.

"हे कुणाचं पाणी?"

"चुकीच्या नावानं हाक मारली, सर."

"दव दिसतंय," सर म्हणाले. ते कधी विनोद करत ते कळायला वेळ लागायचा.

दुसऱ्या फेरीत यादी नीट आली, पण दोन कागदांवर. पहिल्यावर फर्लांग आणि मिनिटं, एकत्र लावलेली. दुसऱ्यावर एकोणीस वाड्या, ज्यांची उत्तरं विसाव्यांत किंवा शब्दांत होती. त्यांना क्रमांक नव्हता. उत्तर जसं दिलं तसं समोर छापलेलं होतं.

सरांना ते आवडलं नाही. "निकाल लावायला म्हणून आपण यंत्र वापरतो. हा कागद निकाल देत नाही."

"सर, विसावा फर्लांगात बसत नाही. मी मोजून आले. तिथं बसवला तर तो खोटा आकडा होतो आणि वाडी खाली जाते. यंत्र निदान एवढं खरं सांगतंय, की हे मला कळत नाही, माणसानं बघावं."

"परवापर्यंत यंत्र चुकत नव्हतं ना तुमचं?"

"ते नाही चुकलं. मी चुकले."

हे वाक्य तोंडातून कसं बाहेर पडलं, मलाच कळलं नाही. सरांनी पेन्सिल ठेवून पेन उचललं. मग दोन्ही कागदांवर सही केली आणि म्हणाले, "साहेबांना प्रत्यक्ष दाखवायला तुम्ही जायचं. मी फक्त भाटघरला येऊ शकतो."

साहेब आले, जीपमधून. जीप खालीच थांबवावी लागली. त्यांच्या डोक्यावर हंडा नव्हता, हातात छडी होती, तरी ते दुसऱ्या विसाव्याच्या दगडावर बसले आणि रुमालानं मान पुसत म्हणाले, "अजून किती?" म्हातारी मागून येत होती. ती म्हणाली, "सायेबांचं मला काय ठावं? ज्याचं त्यानं मोजायचं." साहेबांनी तिथं बसूनच कागद मागितला.

एकोणिसांपैकी सगळ्यांना विहिरी मिळाल्या असं मी सांगणार नाही. त्या साली चार वाड्यांना मिळाल्या. न्हाई म्हणणाऱ्या बाईच्या वस्तीला मिळाली, आणि या वाडीला. इथं पहिला खड्डा कोरडा गेला, तेव्हा मी पुण्यात दोन दिवस जेवले नाही. दुसरा आंब्याच्या खालच्या अंगाला खणला, तिथं लागलं.

पुढच्या चैत्रात मी मुद्दाम बघायला गेले. विहिरीला कठडा झाला होता, रहाट बसला होता, अंगणातून हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर. म्हातारीची सून कडेवर तान्हं घेऊन पाणी शेंदत होती. मी कौतुकाची वाट बघत उभी. तेवढा तोरा अजून शिल्लक होता माझ्यात. म्हातारीनं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, हातात पाण्याचा तांब्या दिला आणि म्हणाली,

"पानी दारात आनलंस, लई झ्याक केलंस पोरी. पर तिसऱ्या इसाव्याला बसून आमी समद्याजनी सुनांची उनीदुनी काढायचो, ती आता कुठं काढायची? हितं तर सून कायम जवळच असती!"